परक्या खुंटावरची बाग

सन २०२३. मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटलेली, पण दिंडोरी रस्त्याला द्राक्षबाग उभी केली ती मी, त्यामुळे शहाणपण शाळेत मिळतं हे मला कधी पटलं नाही.

त्या दिवशी विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून एका रात्रीपुरती आमच्याकडे आली होती. एरवी देवळाली कॅम्पात एका खोलीत एकटीच राहायची. आमच्याकडे लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. नातवंड झालं की व्याह्यानं आपल्या हातानं पाण्याचा तांब्या द्यायचा, मग ती बंदी सुटते. नात बारावीला गेली तरी मी तांब्या दिला नव्हता. मान आपला, तो आपणहून कशाला सोडायचा? बाई येताना भाकरी आणि पाण्याची बाटली बरोबर आणायची.

संध्याकाळी सुनेनं विचारलं, "मामा, आईला आता नीट दिसत नाय. हितंच ठेवू का तिला?"

"बाहेरचं माणूस कायमचं घरात ठेवत नसतात," मी म्हणालो. ओट्यावर बसलेल्या बाईला ऐकू जावं, अशाच आवाजात.

सून आत निघून गेली. विषय बदलावा म्हणून मी पडवीत अभ्यास करणाऱ्या नातीला विचारलं, "काय घोकतीस गं?"

"पेशी, आजोबा. आपलं सगळं अंग त्यांचंच बनलेलं असतं. त्यांच्या आत हे मायटोकाँड्रिया असतात, अन्नातून जोर काढून देणारे. फार फार पूर्वी हे वेगळे जीव होते. एका पेशीनं त्यातल्या एकाला गिळलं, पण पचवलं नाही. तो आतच राहिला. त्याला आसरा मिळाला, तिला जोर. आता एकावाचून दुसऱ्याचं भागत नाही."

"हात्तिच्या! यात नवं काय?" मी फुशारलो. "आपली बाग बघ. वर वेल आपल्या द्राक्षाची, खाली मुळं परक्या जंगली खुंटाची. मीच कलमं बांधली. ती मुळं हायेत म्हणून तर पाणी तुटलं तरी बाग तगली."

"मग बागेत परकं चालतं, घरात का नाही?"

"माझ्या रक्ताची हायेस म्हणून एवढी जीभ चालते तुझी!"

"जीभ तुमची असेल. पण हे मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. मला आईकडून आले, आईला आजीकडून. जोर सगळा तिचा."

"मग माझं काय हाय तुझ्यात?"

"नाक," ती म्हणाली. "आणि हट्ट."

मी हात उगारणार, तोच ओट्यावरून आवाज आला. "पोरी, मोठ्या माणसांना आसं बोलू नाय. दादा, तुम्ही मनावर घेऊ नका. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं जाते."

तिनं मलाच सांभाळून घेतलं. मी ओट्याकडं पाहिलं. काळा चष्मा लावून ती भाकरीचा तुकडा चावत होती. बाटलीत दोनेक घोट राहिलेले, तेही ती जपून पीत होती. माझ्या दारात. आत माठ काठोकाठ भरलेला. लाजेनं मला तिच्यासमोर उभं राहवेना. न जेवताच आडवा झालो.

सकाळी ती पिशवी घेऊन निघाली, तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. तिच्या हातातली बाटली घेतली, उरलेलं पाणी अंगणातल्या झाडाला ओतलं. मग माठातून तांब्या भरून आणला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला.