धक्का मॅडम

"एकसाथ! एकसाथ सांगतलं व्हतं ना बे!" रशीदभाई वडनेर भोलजीच्या आपल्या कापसाच्या जिनात असे ओरडले, की तिकडे मलकापूर स्टेशनात उभी गाडी सिग्नल नसताना निघाली.

जिनाची वीज तपासायला आलेल्या मॅडम मात्र शांत होत्या. आम्ही त्यांना धक्का मॅडम म्हणायचो. बाई खुर्ची हलवल्याशिवाय बसत नसत, टेबल ढकलल्याशिवाय चहा ठेवत नसत. "धक्का दिल्याशिवाय तोल कळत नाही," म्हणायच्या. त्यामुळे त्यांना नमस्कारसुद्धा आम्ही चार हात लांबून करायचो.

जुन्या डिझेल इंजिनाला हत्तीएवढं चाक होतं. एकदम भार आला तरी ते आपल्याच गुर्मीत फिरत राही. त्याच्या जागी सौर पॅनेल अन् बॅटऱ्या आल्या. त्यांत फिरणारं काहीच नाही. मग धक्का बसला की ही वीज किती डगमगते, ते मॅडम मोजणार होत्या. मीटरवरचा वारंवारतेचा काटा पन्नास हर्ट्‌झच्या फार खाली गेला की सगळं आपोआप बंद. त्यांनी पास केल्याशिवाय रशीदभाई कापूस घेणार नव्हते. फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग, शेपूट नांदुऱ्यात. बीटी पेरूनही बोंडअळीने खाऊन उरलेला कापूस तो. मी जिनातलाच फिटर, तरी माझीही ट्रॉली त्यातच. वर आभाळ काळंकुट्ट.

धक्का पुरा बसायला सगळी यंत्रं एका क्षणी सुरू व्हायला हवी होती. पण आमची माणसं लोडशेडिंगमध्ये मुरलेली. एक यंत्र सुरू करायचं, छताच्या बल्बकडे बघायचं, तो सावरला की दुसरं. कितीही सांगा, हात तसाच चाले.

"लाइन दमते ना मॅडम," यंत्रावरचा शेषराव कळवळून म्हणाला. "तिले दम तं घेऊ द्या."

मॅडमनी शिडी मागवली, वर चढल्या आणि रुमालाने धरून बल्बच काढून घेतला.

आता बघायला काही उरलं नाही. शिट्टी वाजली, सगळी बटणं एकदम दाबली गेली. काटा धाडकन खाली आला. रशीदभाईंनी डोळे मिटले. काटा थबकला, थरथरला आणि हळूहळू वर सरकू लागला. जिनात असा निःश्वास सुटला, की रुई उडून आम्ही सगळे क्षणात म्हातारे दिसू लागलो.

फाटक उघडलं. माझी ट्रॉली कोरडी आत आली. मॅडम जीपमध्ये बसत होत्या, तेव्हा मी धावत जाऊन विचारलं, "मॅडम, सगळं बंद पडलं असतं तं?"

"तर तेही मोजलं असतं," त्या म्हणाल्या.