कच्च्या केळ्याचा तोफगोळा
कार्बाइडने पिकवलेल्या केळ्यांचा वास आला, की मी भरल्या पंगतीतून उठतो. एकाहत्तरच्या लढाईनंतर जळगावच्या आमच्या अंगणात मी आणि थोरल्या भावाने बैलगाडीएवढा रणगाडा बांधला होता. अंग तेलाच्या डब्यांच्या पत्र्याचं, तोफ विहिरीच्या जुन्या पाइपाची. "तोफेचं मागचं झाकण वेल्डिंग करून आणू," भाऊ म्हणाला. मी कॉलेजातला शहाणा, म्हटलं, "कशाला? मी कथिलाने डाग देतो ना." तोफेत केळी पिकवायचं कार्बाइड आणि पाणी टाकलं, आत भडकणारा गॅस साठला, तोंडात गोळा म्हणून कच्चं केळं ठोकून बसवलं, आणि भाऊ मागे वाकून माझा डाग तपासत असतानाच मला धीर धरवेना, मी काडी लावली. केळं तसूभर हललं नाही, झाकणच उडालं. पत्रा फाटला, भाऊ भिंतीवर आदळला, डाव्या कानातून रक्ताची धार लागली. वडील काठी घेऊन धावत आले. "कोनी लावली रे काडी?" भाऊ रक्त पुसत म्हणाला, "त्याले नका मारू आबा, म्या लावली." आबांनी त्या रक्तबंबाळ पोराला काठी मोडेपर्यंत झोडपलं, आणि मी शूर शिपाई रणगाड्याआड उभा राहिलो. तो कान कायमचा गेला. आता माझी सत्तरी उलटली. गप्पा मारायला मी भावाच्या उजवीकडे बसतो, माफी मागायला डावीकडे.