वन्संचे पोपट

हे मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले, तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी पुटपुटून परत फिरले. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच तुम्हाला सांगता येतंय.

आधी एक बोलून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. मला पोपट आवडत नाहीत. तेव्हा आवडत नव्हते, आजही नाहीत. लोकांना त्यांचा हिरवा रंग दिसतो. मला दिसतात ते डोळे — मधली बाहुली लहानमोठी करत माणसाकडं एकटक बघणारे. वय झालं की मन मऊ होतं म्हणतात. माझं झालेलं नाही.

चिंचवड तेव्हा गावच होतं. पवनेच्या बाजूला आमचं तीन खोल्यांचं घर, पुढं पडवी, मागं परडं. घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची चार मुलं, आम्ही दोघं आणि आमची शकू, तीन वर्षांची. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि आमचे हे तिथं बाटल्या धुण्याच्या खात्यात लागले होते. शिफ्टवरून आले की जेवताना जंतूंबद्दल सांगायचे. डोळ्यांना दिसत नाहीत, पण हवेत असतात, नखांत असतात, पुसायच्या फडक्यात असतात. आम्ही सगळे घास हातात धरून ऐकायचो. जंतू हा शब्द आमच्या घरात ह्यांनी आणला. वापरला मी.

त्या भरल्या घरात वन्सं आल्या. माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण — हे त्यांना आक्का म्हणायचे. चाकणला कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरी दिली होती. बारा वर्षं मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली आणि वन्संना एका ट्रंकेसकट माहेरी आणून सोडलं. ट्रंकेबरोबर एक पिंजरा होता. पिंजऱ्यात दोन पोपट. गळ्याला कंठी असलेला तो बाळोबा. दुसरी बिनकंठीची, मुकी, ती चिमी. पिंजरा पडवीत टांगला गेला आणि तिथंच राहिला.

त्यांचा जाच काय सांगू? उजाडायच्या आत किंचाळायला सुरुवात. जमीन मी सारवायची आणि वरून ते डाळीची सालं, मिरच्यांची देठं, नको ते सगळं टाकायचे. पिंजऱ्याशेजारच्या दोरीवर वाळत घातलेल्या ह्यांच्या कामाच्या सदऱ्याची बटणं बाळोबानं चोचीनं फोडली. एकदा माझं बोट रक्त येईस्तोवर धरलं. आणि बोलायचा! सासूबाईंचा आवाज त्यानं असा उचलला होता की विचारू नका. एकदा मी नुकती जेवायला बसले होते. पडवीतून हाक आली, "वच्छे, पाणी तापलं का?" मी ताट सोडून उठले आणि "तापवते, तापवते" म्हणत चुलीकडं गेले. सासूबाई तर समोरच बसल्या होत्या. सगळं घर हसलं. हे हसले. शकूही हसली — कशाला ते न कळता. मी परत ताटावर बसले, पण तो दिवस मी मनात ठेवला.

तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? नाही. एवढ्यासाठी नाही. मी मघापासून पोपटांबद्दल बोलते आहे, कारण ते बोलणं सोपं आहे.

खरं हे, की शकू माझी राहिली नव्हती. डोळे उघडले की ती पडवीत पळायची, पिंजऱ्याखाली, आत्याच्या मांडीवर. आत्याच्या हातून दूध, आत्याच्या हातून वेणी. मी घ्यायला गेले की अंग आखडून घ्यायची. वन्सं म्हणायच्या, "जा गं, आई बोलावतीय," आणि तिला माझ्याकडं ढकलायच्या. त्यांनी ढकलल्यावर ती यायची. हे मला सहन होईना. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलं, जिच्या पोटी मूल नाही, तिनं माझं मूल मला उसनं द्यायचं? मी मनातल्या मनात असे शब्द वापरत होते. आज ते सांगायला नको वाटतं, पण शब्द माझेच आहेत.

म्हणून मी शकूला ओढून स्वयंपाकघरात आणायला लागले. चुलीपाशी पाट टाकायचा, हातात लाटणं द्यायचं, उठली की परत बसवायचं. लाकडं ओली असायची, गोवऱ्या धुमसायच्या. धूर मला दिसत नव्हता का? दिसत होता. डोळे माझेही चुरचुरायचे. पण पडवीतून तिचं हसू ऐकण्यापेक्षा मला तो धूर परवडला.

महिन्या-दीड महिन्यात तिला खोकला लागला. कोरडा, ठसक्याचा. काढे झाले, हळद-दूध झालं, दृष्टसुद्धा काढली. खोकला हटेना. आणि बाळोबा तो शिकला. हुबेहूब. तीन ठसके, मध्ये एक उसासा, मग एक ठसका. शकू आत माझ्यापाशी बसलेली असली, की तो बाहेर तिच्यासारखा खोकायचा.

शेवटी मी तिला गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. हे कारखान्यात होते. वन्सं म्हणाल्या, "मी येते." मी नको म्हणाले. डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली, घसा बघितला आणि विचारलं, "हिला चुलीपाशी घेऊन बसता का?"

मी शकूचा फ्रॉक खाली ओढला. मग माझ्याच तोंडून निघालं, "डॉक्टर, घरात पोपट आहेत. त्यांच्यामुळं असेल का?"

"कुठं असतात?"

"पडवीत."

"मग त्यांचा काय संबंध? धुरानं झालंय हे. चुलीपासून लांब ठेवा. पडवीतच खेळू दे तिला, मोकळी हवा मिळेल."

औषधाची बाटली घेऊन मी निघाले. दवाखाना ते घर — किती अंतर? शकूला कडेवर घेऊनही लगेच पोचण्यासारखं. तेवढ्यात मी सगळं जुळवलं. रागाच्या भरात बोलून गेले असं म्हणायची सोय नाही. मी शांत होते. वाटेत एका ओळखीच्या बाईशी भाजीच्या भावाबद्दलही बोलले.

संध्याकाळी हे आले, हातपाय धुऊन बसले, तेव्हा मी सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, पोपटांमुळं झालंय. पिसांत जंतू असतात. मुलांच्या छातीत जातात."

ह्यांनी लगेच मान हलवली. "असणारच. पिसांत असणारच."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "तरीच त्यो मेला खोकतो! आमी म्हणलं नक्कल करतोय. त्यालाच रोग हाय की!"

मी सासूबाईंकडं बघितलं. बाळोबा खोकला कुणाकडून शिकला, हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. पण त्या क्षणापासून ते सगळे विसरले.

वन्सं उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "वत्सला, नीट सांग. डॉक्टर असं म्हणाले?"

"असंच म्हणाले," मी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले.

ह्यांनी ठरवून टाकलं. येत्या रविवारी पिंजरा शेताकडं न्यायचा आणि दोघांना सोडून द्यायचं. वन्सं म्हणाल्या, "शंकर, त्यांना उडता येत न्हाई रे. पिल्लं असल्यापास्नं पिंजऱ्यात हायेत. कावळे खातील." हे म्हणाले, "आक्का, पोरीपेक्षा पोपट मोठे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं कुणाला न सांगता बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा मी परड्यात भांडी घासत होते. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझा राखेचा हात तसाच राहिला. मला कळलं.

"पोपट मागं परड्यात ठेवले तर चालतील का, एवढंच विचारायला गेले होते मी," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी मलाच उलटं विचारलं — त्या बाईंना मी काय सांगितलं आणि तुम्ही काय विचारताय?"

मी खाली बघून भांडं घासत राहिले.

"मी सांगणार न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं कोण ऐकणार? सासरहून परत आलेली बाई. भावजयीवर डूख धरून बोलतीय म्हणतील. तुझ्या तोंडून आलं पायजे. रविवारपातुर सांग. न्हाई सांगितलंस तर पोपट घेऊन मी जाते. पण आधी त्या पोरीला चुलीपास्नं उठीव."

त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. त्या ओरडल्या नाहीत. त्यांच्या आवाजात नुसता तिरस्कार होता — आणि त्या तिरस्काराचा मला राग आला. मीच खोटं बोललेली आणि मलाच राग! माणूस असं असू शकतं का? मी होते.

तीन दिवस मिळाले मला. शुक्रवार गेला. शनिवारी हे घरी असताना दोनदा जीभ उचलली आणि दोन्ही वेळा मिठाबद्दल काहीतरी बोलले. शकूला मात्र मी चुलीपासून उठवलं. पिंजऱ्यापाशी जाऊ द्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मागच्या परड्यात खेळायला सोडलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी वन्सं आंघोळ करून, ट्रंक बांधून पडवीत बसल्या. पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकलेलं. ह्यांना म्हणाल्या, "मी आळंदीला जाते. तिथं ओळखीच्या बायका हायेत, वाती वळून राहीन. पोपट माझ्याबरोबर येतील." हे चमकले. "आक्का, पोपटांसाठी घर सोडतेस?" सासूबाई रडायला लागल्या, मग चिडल्या, मग पुन्हा रडल्या. वन्सं त्यांच्याकडं बघत नव्हत्या. त्या दारातून आत, माझ्याकडं बघत होत्या. मी वांगी चिरत होते. तेवढी वांगी चिरायला किती वेळ लागतो? मी तासभर चिरत होते. आळंदीकडं जाणारी गाडी आली, गाडीवानानं ट्रंक उचलली, तरी त्या बघत होत्या. एक शब्द पुरला असता.

मी वर बघितलं नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब गेला तेव्हा बघितलं.

पुढं काय झालं माहीत आहे? शकूचा खोकला थांबला. पंधरा दिवसांत पूर्ण थांबला. चुलीपासून उठवल्यावर तो थांबणारच होता. पण घरानं काय बघितलं? पोपट गेले आणि खोकला गेला. सासूबाई शेजारणींना सांगायच्या. ह्यांनी कारखान्यात सांगितलं, तिथल्या लोकांनी माना डोलावल्या. जाऊबाई म्हणाल्या, "वत्सलानं वेळीच डॉक्टर गाठला म्हणून पोर वाचली." माझं घरात वजन वाढलं. शकू आठ-दहा दिवस आत्या आत्या करत रडली, मग माझ्या मांडीवर झोपायला लागली. मला आनंद झाला. हो, झाला. दवाखान्यावरून जाताना मी पदर पुढं ओढायची एवढंच. नंतर ते डॉक्टरही पुण्याला गेले आणि मी पदर सोडला.

एकदा हे आळंदीला जाऊन आले. धर्मशाळेच्या कोपऱ्यातली खोली, म्हणाले, अंधारी आहे. चिमी पहिल्याच थंडीत मेली. मग जेवता जेवता मध्येच थांबले. "आक्का तर त्या पोपटाशेजारीच झोपते. तिला काही खोकला नाही. जंतू असते तर तिलाही झालं असतं ना?"

"मोठ्यांना होत नाही ते," मी म्हणाले. आणि त्यांना आमटी वाढली.

वन्सं तिथं चार वर्षं जगल्या. तापानं गेल्या. निरोप आला तेव्हा ह्यांची पहिली शिफ्ट चालू होती. गेटवरूनच परस्पर गेले, तोवर उशीर झाला होता. सगळं उरकून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले आणि पडवीत भिंतीला टेकून बसले. मी पाणी नेलं. त्यांनी ते घेतलं नाही. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

"दोन पाखरांपायी मी सख्ख्या बहिणीला घालवलं," ते म्हणाले. "वत्सला, मी चुकलो का गं?"

सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या. थोरले दीर वेगळे निघाले होते. शकू शाळेत होती. पडवीत आम्ही दोघंच. आता मला कुणाची भीती होती? वन्संचीही नाही. आणि हा माणूस माझ्याकडं बघून विचारत होता.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "तुमचा काय दोष? डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं ना."

ते "हो" म्हणाले. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "हो." डोळे पुसले आणि पाणी प्यायले.

मी आत गेले, भाकऱ्या थापल्या. ह्यांना दोन घास गेले नाहीत. मला सकाळपासून भूक लागली होती. मी पोटभर जेवले.