सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं

आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या रोज रिकाम्या होतात, किस्से मात्र साचतच जातात. लातुरात क्लासेसच्या गल्लीत लॅब टाकली तर दुसरं काय होणार! मी मूळची मुदखेडची, लग्नानंतर इथली. सोबतीला रक्त काढणारे जब्बारभाई. आणि छळायला कॉर्टिसॉल नावाची तपासणी. ताणाचं हे हार्मोन धडधाकट माणसात सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं, म्हणून कधीकधी रक्त दोनदा घ्यावं लागतं. एवढंच समजावता समजावता माझं स्वतःचं चढतं.

* * *

देगलूरचे एक मास्तर मुलाचे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत बसले. मग पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, सकाळी इतकं छान होतं, संध्याकाळी एवढं घसरलं कसं?"

ते उतरायलाच हवं, असं मी सांगितलं. त्यांना काही पटलं नाही. मुलाच्या रूममेटला किती आले, तेही विचारून झालं. जाता जाता रिचेकिंगला टाकता येईल का, अशी चौकशी केली.

* * *

सॅम्पलआधी पेशंटनं शांत बसायचं, हा जब्बारभाईंचा कडक नियम. कंधारच्या एका मुलाच्या हातातलं पुस्तक त्यांनी काढून घेतलं आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. पोरगं गुणी, लगेच मिटले. थोड्या वेळानं कुजबुज ऐकू आली म्हणून बघते तर आई त्याच्या कानाशी प्रश्न वाचतेय आणि हा मिटल्या डोळ्यांनी "बी", "डी" करतोय!

जब्बारभाईंनी हात जोडले. बाई म्हणाल्या, "डोळे मिटलेत की त्यानं. कानाला कुठं ताण येऊन राहिला?"

* * *

उदगीरचे एक आडत व्यापारी एकटेच आले आणि बाही वर करून बसले. पोराची क्लासमध्ये टेस्ट होती, त्याला यायला जमणार नव्हतं. बापलेकाचं रक्त एकच, तर माझंच काढा, असा त्यांचा हिशोब. मग टेस्टलाही तुम्हीच का नाही बसत, असं जब्बारभाईंनी शांतपणे विचारलं.

गृहस्थ खरोखर विचारात पडले. "बसलो असतो, पण केमिस्ट्री लई कच्ची हाय."

* * *

'ताण घेऊ नका' या विषयावर व्याख्यानं देणारे क्लासचे एक सर स्वतःच्या तपासणीसाठी आले. बाकावर निम्मे पालक त्यांच्याच क्लासचे. सगळे उठून उभे राहिले. सर गडबडले आणि म्हणाले, विद्यार्थ्यांची विचारपूस करायला आलोय! पालक गहिवरले. तेव्हापासून सर रोज सकाळी येतात आणि विचारपूस करून परत जातात. त्यांचं रक्त अजून निघायचंय.

* * *

रेणुकाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. होस्टेलवर राहणारी मुलगी, वजन उतरत चाललेलं, क्लासमध्ये चक्कर येऊन पडलेली. डॉक्टरांना ग्रंथीच्या आजाराची शंका आली. तसं निघालं तर जन्मभर गोळ्या. पोरगी भेदरलेली, आणि खरं सांगते, तिच्याकडे बघून माझाही जीव कासावीस झाला. झोपेचं विचारलं तर म्हणाली, रोज भल्या पहाटे अप्पांचा फोन येतो.

अप्पा म्हणजे तिचे वडील. पहाटेच्या भूकंपात जमीनदोस्त होऊन पुन्हा वसलेल्या एका गावात त्यांचं किराणा दुकान. मी त्यांना बोलावून चांगलं झापलं. अभ्यासापायी पोरीचा जीव घेता का? निदान तपासणीच्या दिवशी तरी फोन करायचा नाही, नीट झोपू द्यायचं. अप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. फोनवर अभ्यासाचं आपण कधी बोललोच नाही, एवढंच पुटपुटले. पण शब्द दिला.

त्या दिवशी रेणुका पोटभर झोपून आली, सोबत अप्पा. दुपारी रिपोर्ट हातात पडला, अगदी नॉर्मल. गोळी नको, झोप हवी. मला इतका आनंद झाला की जब्बारभाईंना सगळ्यांसाठी चहा सांगायला लावला.

चहा घेताना रेणुका म्हणाली, सकाळी खाली उतरले तर अप्पा होस्टेलसमोर मोटारसायकल लावून उभे. वॉचमन म्हणाला, अंधार होता तेव्हापासून आहेत.

मी अप्पांकडे वळले. शब्द दिला होता ना?

"फोन कुठं केला, मॅडम?" अप्पा कप खाली ठेवत म्हणाले. "नुस्तं बघून राहिलो होतो, बिल्डिंग उभी हाय का."