तिन्ही कप्प्यांत पावडर

अरिष्ट घरात येण्याआधी त्याची सावली येते. आमच्याकडे ती माझ्या तान्ह्या मुलीच्या पाठीवर लाल पुरळ होऊन आली. अंगडं घातलं की ती कळवळून रडायची. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. त्या तडतडल्या, तशी ती म्हणाली, "बघ, केवढी दृष्ट होती!" मोहऱ्या एरवीही तडतडतात, हे बोलायची कुणाची छाती झाली नाही. बाळाला पाहायला येणारा प्रत्येक जण आम्हाला संशयित वाटू लागला.

आज आई बाळाचे कपडे मशीनला लावत होती. वरचा खण ओढून तिने तिन्ही कप्प्यांत पावडर घातली, नैवेद्य वाढावा तशी.

"आई, पावडर एकाच कप्प्यात घालायची."

"आणि बाकीचे दोन काय उपाशी ठेवू?"

संकटाचं मूळ माणूस ग्रहांत शोधतो, शेजारणीच्या डोळ्यांत शोधतो. खण ओढून पाहणं त्याला फार किरकोळ वाटतं.

तिसरा कप्पा कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा असतो. त्यात घातलेलं शेवटच्या पाण्याबरोबर कपड्यांवर उतरतं, आणि त्यानंतर मशीन कपडे धूत नाही, नुसते पिळतं.