गाठ सैल ठेवणारे सर

चौगुले सरांची माझी पहिली भेट ऑपरेशन थिएटरबाहेर, हात धुण्याच्या नळापाशी झाली. मी नवी डॉक्टर, घाबरलेली. सरांनी मान न वळवताच विचारलं, "कुठली गं?"

"कोडोलीची."

"मग उसात वाकून काम केलेलं असशील. ये, पलीकडं उभी ऱ्हा."

ऑपरेशन टेबलाची ती पलीकडची, मदतनीसाची बाजू पुढे कितीतरी वर्षं माझी होती.

स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला चिकटला, की भल्याभल्यांचे हात थांबत. सर शिरेचा तेवढा तुकडा कापून काढत आणि दोन्ही टोकं पुन्हा जोडत. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्यानं भावाच्या काळजीनं त्यांना विचारलं होतं, "शीर कापल्यावर माणूस ऱ्हातंय व्हय?" सर म्हणाले, "मागावर धागा तुटला तर कापड टाकून देतासा? जोडतासाच की. पर धागा नाजूक हाय, ते बी ऐकून घ्या." खोटा धीर त्यांनी कधी कुणाला दिला नाही.

रक्त थांबवायला शिरेला चिमटा लागला, की सर एक शब्द बोलत नसत. शेवटच्या गाठीला मात्र हमखास म्हणत, "आवळू नगंस. रगात आलं की शीर फुगती, तिला जागा ठेव." माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत. लेक परदेशी गेली, शिष्य मोठ्या शहरांत गेले. सर कुणालाच 'थांब' म्हणाले नाहीत.

सर जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. ऑपरेशन लांबलं तर उपाशी राहत, पण काकूंनी पाठवलेला डबा मला समोर बसवून संपवायला लावत. आता काकू नाहीत. बोटं किंचित थरथरू लागली तेव्हा सरांनी आपणहून काम थांबवलं आणि थिएटरकडे पुन्हा फिरकले नाहीत. त्यांच्या जागी आता मी उभी असते. पलीकडे कुणीतरी असतंच, तरी फार एकटं वाटतं. आणि तिकडे सर उन्हं असतानाच एकटे जेवायला बसतात.

परवा मी अशीच एक शीर जोडली आणि संध्याकाळी त्यांना फोन केला.

"गाठ सैल ठेवलीस?"

"ठेवली, सर."

एरवी इथे फोन बंद होई. या वेळी सर थांबले. मग हळूच म्हणाले, "आणि काय? बोल की."

सरांच्या पंचाहत्तरीच्या या दिवशी आम्हा सर्वांच्या वतीनं मागते, की सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. सर, शिरेची गाठ मी सैलच ठेवीन. तुमची-आमची मात्र आता आवळणार आहे. मंगळवारी ऑपरेशन सकाळी लवकर सुरू करू. तुम्ही नुसते पलीकडे उभे राहा. डबा मी आणते. दिवस मावळायच्या आत आपण दोघं जेवू.