भरितानं विझलेली पट्टी

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्यात छापखान्यात उभी होते, व्यसनमुक्तीच्या नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत. फोन त्यांच्या मुलीचा, वंदनाताईंचा. सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच... एवढंच बोलल्या. मी जळगावची बस पकडली. पिंप्राळ्यात घरासमोर गर्दी होती, हार होते. कॉलेजच्या ज्या संस्थेनं त्यांच्या प्रयोगांच्या खोलीला कधी पंखा बसवून दिला नाही, तिचे पदाधिकारी 'थोर संशोधक गमावला' म्हणून माना हलवत होते. मला तिथंच भांडायचं होतं. आता सहा आठवडे झाले. राग गेलाय असं नाही, पण नाना आठवले की आधी हसूच येतं, काय करणार.

पुंडलिक नानांनी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर कॉलेजमागची मोडक्या बाकांनी भरलेली खोली त्यांनी मागून घेतली आणि तिथं अमली पदार्थ ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या बनवायला सुरुवात केली. मी गेले होते त्या पट्ट्या मागायला. आमच्या व्यसनमुक्तीच्या टीमला पोरांच्या हातात काय पडतंय ते जागेवर कळायला हवं होतं. नानांनी हातात कात्री दिली आणि दुपारभर कागद कापायला बसवलं. कापता कापता समजावलं. पट्टीवर एका पॉलिमरचा पातळ थर असतो. पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचं रसायन, आणि हे खास जातीचं, नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली पोपटी चमकणारं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरचा कण लागला की चमक विझते. "दिवाळीच्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ जाते ना, तसं. कण एवढासा, पण विझते पूर्ण साखळी." मग माझं एक पत्रक वाचून म्हणाले, "किती उद्गारचिन्हं गं तुझी? कोणीतरी कानात शिट्टी फुंकतंय असं वाटतं." त्या दिवसापासून मी उद्गारचिन्ह टाकताना चाचरते.

माझी चूक पारोळ्याची. तिथं स्टँडजवळ दगडूभाऊंची भरीत-भाकरीची गाडी आहे. कॉलेजची पोरं तिथं तासन्‌तास घुटमळायची आणि पावडर तिथूनच फिरते असं दोघा-तिघांनी मला सांगितलं होतं. मी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घेऊन गेले आणि हात पुसायची नवीन वस्तू आहे, बघा वापरून, असं खोटंच सांगितलं. दगडूभाऊंनी आनंदानं दोन्ही तळवे पुसून दिले. बोळा पट्टीवर टेकवला, दिवा धरला... पट्टी ठार काळी. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, त्यात त्यांचं नाव, आडनाव, गाडीची जागा, सगळं. आठवडे बाजारात वाटायचं ठरलं. छापलेला गठ्ठा आधी नानांपुढे नेऊन ठेवला. खरं सांगायचं तर शाबासकीसाठी.

नानांनी पत्रक दोनदा वाचलं. त्यांनी विचारलं की पट्टी विझली हे ठीक, पण कशानं विझली हे मला माहीत आहे का. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत, विझली म्हणजे माल. ते म्हणाले की मग सांगताना आपल्याकडूनच काही राहिलं असेल. मी चिडले. रोज एक पोरगं वाया जातंय आणि तुम्ही शंका काढत बसा, असं बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे एकच विचारलं.

"हा माणूस निर्दोष निघाला तर काय करशील? दुसरं पत्रक काढशील? ते कोण वाचतं?"

गठ्ठा त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवला, किल्ली खिशात. दुसऱ्या दिवशी आम्ही पारोळ्याला गेलो. मला वाटलं गुपचूप तपासणी करू. नानांनी गाडीसमोर उभं राहून सगळं सरळ सांगून टाकलं: ही पोरगी, ही पट्टी, हे पत्रक. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दगडूभाऊंचा हात परातीतच थांबला. त्यांनी हाताचं पीठ झटकलं. मग अहिराणीत म्हणाले, "तपासा मास्तर, बठ्ठं तपासा. पन पहिले जेवी घ्या, भरीत गरम शे."

सगळं तपासायच्या आधी नाना दोन वेळा भरीत मागून जेवले. मग कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं एक वांगं त्यांनी स्वतःच सोललं. हात काजळीनं आणि तपकिरी रसानं माखले. ते बोळ्यानं पुसले, पट्टीवर टेकवलं, उन्हाला टोपी आडवी धरून दिवा लावला. पट्टी ठार काळी. नानांचा चेहरा असा खुलला की जणू बक्षीस लागलं. "लिही पोरी. पुंडलिक मास्तर पावडर विकतो. बाजारात वाट." आणि दगडूभाऊ गंभीर तोंडानं म्हणाले, "मास्तर, तुमनी पट्टीले मन्हं भरीत आवडनं दिखस. बठ्ठं खाई गई." भोवतीचे लोक इतके हसले की शेवटी मीही हसले, रडत रडत. नाना मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. काजळी पोचत नाही अशा जागा, गल्ल्याचा ड्रॉवर, पिशव्यांचे आतले कोपरे, सगळं पुसून बघितलं. एकूण एक पट्टी पोपटी चमकली. मी माफी मागितली. दगडूभाऊ म्हणाले, "आते नाव छापाच ताई. फक्त खाले लिखा, भरीत झकास शे."

परतीच्या बसमध्ये नानांनी तिकिटाच्या मागे दोन ठिपके काढून दाखवले. एक ठिपका नेहमीचा, दुसरा पावडरीला अजिबात न जुमानणाऱ्या रंगाचा. काजळीनं दोन्ही झाकले जातात, पावडरीनं फक्त पहिला विझतो. "दोन्ही विझले तर हात धुवायला सांग. एकच विझला तर पुढचं बघू." तो दुसरा ठिपका जमायला अख्खा हिवाळा गेला. दगडूभाऊ पारोळ्याहून बसनं भाजलेली वांगी पाठवायचे, आम्ही निम्म्या वांग्यांवर पट्ट्या तपासायचो, उरलेली खायचो. रसायनशास्त्राच्या त्या खोलीला महिनोन्‌महिने लसणाचा वास होता. आज आमची टीम त्याच दोन ठिपक्यांच्या पट्ट्या वापरते.

गेल्या आठवड्यात वंदनाताईंबरोबर ती खोली आवरायला गेले. कपाटात दोऱ्यानं शिवलेली एक जाड वही मिळाली. कागद ओळखीचा वाटला. उलटून पाहिलं तर माझं पत्रक. मागच्या कोऱ्या बाजूवर नानांनी हिवाळाभराचे प्रयोग लिहिले होते. पहिल्याच पानावर पारोळ्याची नोंद: 'भरीत उत्तम. पट्टी नापास.' मी मोठ्यानं हसले, वंदनाताई धावत आल्या. मग छापील बाजू नीट पाहिली. दगडूभाऊंचं नाव खोडलेलं होतं. पुढच्या पानावरही. त्याच्या पुढच्याही. अख्ख्या गठ्ठ्यातल्या एकेका कागदावर, फूटपट्टी धरून, काळ्या शाईनं. किती दुपारी बसले असतील...

टेबलावर तो जांभळा दिवा होता. मी खिडकी लावली आणि एक पान त्याखाली धरलं. कागद निळा-पांढरा उजळला, माझी सगळी उद्गारचिन्हं दिसली. नाव कुठल्याही बाजूनं धरलं तरी वाचता येत नव्हतं.